आडवं धनुष्य

"वहिनी, हे तुम्हीच ना?" असं म्हणत सुशांतने मोबाइल नाकासमोर धरला तेव्हा जयंती परब मटणाच्या दुकानासमोर रविवारच्या रांगेत उभी होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा. सुशांत तिच्याच सोसायटीतला, बी विंगेतला, कमिटीचा सेक्रेटरी, रांगेत तिच्या पुढे. तिने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. फोटोत ती स्वतः गुडघे टेकून बसली होती, अंगात मुलाचं ढगळ हिरवट जाकीट. समोर वाळक्या पानांवर आडवी पडलेली हरणाची मादी, आणि मांडीवर ते यंत्र, बंदुकीच्या दस्त्यावर धनुष्य आडवं बसवावं तसं दिसणारं. क्रॉसबो. फोटोतली बाई हसत नव्हती. रडतही नव्हती. "मीच," जयंती म्हणाली. सुशांत थांबला. पुढे काहीतरी यायला हवं होतं, 'अहो, ती नुसती गंमत' वगैरे, म्हणजे त्याला हसून मोकळं होता आलं असतं. ते आलं नाही तेव्हा त्याचा चेहरा हळूहळू कमिटीचा झाला. "काय हे, वहिनी! मुकं जनावर. आणि या वयात? शोभतं का?" त्याच्या डोक्यामागे आकड्यांना सोललेले तीन बोकड लटकत होते, एकाच्या शेपटीला ओळखीपुरते काळे केस ठेवलेले. ओंडक्यावर सुरा खटखट पडत होता. दुकानदाराने विचारलं, काय देऊ, तसा सुशांत वळला आणि म्हणाला, "पाऊण किलो, मांडीचं द्या. आणि कलेजी ताजी आहे ना? मुलांना आवडते." जयंतीला हसू आलं नाही. तिला इतकंच वाटलं, की हा माणूस खोटं बोलत नाहीये. याला खरंच दोन गोष्टींत काही नातं दिसत नाही.

अर्धा किलो मटण घेऊन ती मिठागर रोडच्या कडेकडेने घरी निघाली. जानेवारीची उन्हं कोवळी होती आणि फुटपाथवर एक जण हुरड्याची कणसं विकत होता. आपण रागावलोय का, हे तिने चालता चालता आत चाचपून पाहिलं. राग नव्हता. पण पाठीचा कणा ताठ झाला होता, लहानपणी वडील ओरडायला लागले की व्हायचा तसा. वडील लालबागच्या मिलमध्ये होते, आणि मे महिन्यात कुडाळकडच्या गावी गेले की तिथल्या पुरुषांबरोबर पारधीला जायचे. रानडुक्कर पडलं की गावात वाटे व्हायचे. ज्याची गोळी त्याच्या घरी मोठा वाटा. बायका अंगणात टोपं घेऊन वाट बघत बसायच्या आणि आई पाट्यावर भाजक्या खोबऱ्याचं वाटप वाटत राहायची. नऊ वर्षांची जयंती एकदा भिंतीला टेकवलेल्या बंदुकीच्या लाकडावरून नुसता हात फिरवत होती, तर वडिलांनी मागून थोबाडीत दिली. "चेडवांनी बंदुकीक हात लावचो नाय!" माराचं दुःख तिला फारसं आठवत नाही. लाकूड मात्र अजून तळहाताला आठवतं. गुळगुळीत, गार, आणि आपलं नसलेलं. खायला चालत होतं. वाटायला, शिजवायला, रक्ताची फडकी धुवायला चालत होतं. मध्येच कुठेतरी एक रेघ होती, तिच्या पलीकडे पोरींनी, चेडवांनी, जायचं नाही.

दुपारपर्यंत फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आला. तो कसा फुटला हेही कळलं. अमेरिकेतल्या सुनेने, गार्गीने, कौतुकाने मैत्रिणीला पाठवला होता, 'बघ माझ्या सासूबाई' म्हणून. तिथून तो फिरत फिरत मुलुंडला पोचला. गार्गीचा रडका फोन आला, "आई, सॉरी, मला वाटलं नव्हतं यार असं होईल." मुलाने, देवेशने, फोन हातात घेतला आणि म्हणाला, "मी तेव्हाच म्हणालो होतो, आई, कशाला या भानगडी." ग्रुपवर तोवर साठ-सत्तर मेसेज पडले होते. कुणी रडके चेहरे टाकले, कुणी हात जोडले. कुणी लिहिलं की हे असलं हत्यार गुंडांचं, आवाजसुद्धा करत नाही. चंद्रप्रकाश काकांनी, म्हणजे सोसायटीच्या अध्यक्षांनी, लिहिलं की धनुष्यबाण ही आपल्याकडे वीरांची आणि पवित्र गोष्ट, पण दुर्बीण लावून, चाप ओढून, आडोशाला बसून मारणं यात कसला पराक्रम. याच चंद्रप्रकाशांच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर एक मोठं चित्र आहे, घोड्यावरचा राजा पळत्या हरणावर नेम धरतोय. जयंतीने त्या चित्राखाली बसून कितीदा तरी चहा घेतला होता. मग खरा मेसेज आला, अक्षताचा. दुसऱ्या मजल्यावरची अक्षता, जिची मुलगी दर शनिवारी जयंतीजवळ गोष्टी ऐकायला यायची. 'आमची मुलं वाचनालयात यांच्याजवळ बसतात. कमिटीने विचार करावा.'

वाचनालय म्हणजे तळमजल्याची एक खोली, जिथे पूर्वी तुटक्या सायकली आणि रंगाचे डबे असायचे. निवृत्तीनंतर जयंतीने ती झाडून काढली, रद्दीवाल्यांकडून, ओळखीपाळखीतून पुस्तकं जमवली, बुटक्या खुर्च्या मिळवल्या. नऊ वर्षं झाली. त्या खोलीचा वास, कागदाचा आणि मुलांच्या घामाचा, तिला स्वतःच्या घराच्या वासापेक्षा जवळचा वाटायचा. म्हणून अक्षताचा मेसेज तिने दोनदा वाचला.

नंदकुमारने, तिच्या नवऱ्याने, संध्याकाळी पेन काढलं. पालिकेच्या पाणी खात्यात तीस वर्षं कारकुनी केलेला हा सौम्य माणूस, कमिटीचा साधा सभासद, कुणाशी मोठ्याने बोललेला नाही. त्याने पाठकोऱ्या कागदावर मसुदा केला आणि वाचून दाखवला. "'सदर छायाचित्र केवळ हौस म्हणून काढण्यात आले असून प्रत्यक्ष शिकारीशी माझा कोणताही संबंध नाही. तरी कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे.' बस. एवढं टाक ग्रुपवर, विषय संपला."

"पण संबंध आहे ना," जयंती म्हणाली.

"अगं, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"तू ना, नसतं ओढवून घेतेस. वाचनालय जाईल. मला खाली उतरायची लाज वाटते, ठाऊक आहे? सुशांत लिफ्टमध्ये माझ्याकडे बघत नव्हता."

"त्याने माझ्यासमोर कलेजी घेतली," ती म्हणाली. "अहो, मी सही करणार नाही."

सही म्हटल्यावर तिला भांडुपची फॅक्टरी आठवली, जिथे तिने आयुष्याची अठ्ठावीस वर्षं स्प्रिंगा तपासल्या. यंत्रात स्प्रिंग ठेवायची, भार द्यायचा, किती दबली ते लिहायचं, सोडायची, मूळ उंचीला आली का ते मोजायचं. एकदा एक अख्खा लॉट चाचणीत कमी भरला होता. फोरमन म्हणाला, "मॅडम, गाडी बाहेर उभी आहे, सही करा, कोण बघतंय." तिने केली. पुढे काही झालं नाही, कुठे अपघात झाला नाही, कुणी विचारलं नाही. पण कित्येक वर्षं, जेवताना, दात घासताना, मधूनच तिला ती स्वतःची सही दिसायची, वळणदार, सुंदर. काही न होताच ती गोष्ट आत राहून गेली होती. मेलेल्या हरणीचं तसं झालं नव्हतं, हे तिला आता लख्ख कळलं. हरणी दिसायची, पण तिच्याकडे बघता येत होतं.

मार्लीन ही देवेशच्या शेजारची विधवा, एकाहत्तर वर्षांची, दोन्ही खांद्यांची ऑपरेशनं झालेली. विस्कॉन्सिनमध्ये देवेशचं घर गावाच्या टोकाला आहे. मागे मक्याची शेतं आणि रान, आणि दिवसभर घरात कुणी नाही. सप्टेंबरात जयंती एकटीच गेली तेव्हा पहिला आठवडा तिने खिडकीतून बघण्यात घालवला. मग एक दिवस ती मार्लीनकडे कॉफीला गेली, तर स्वयंपाकघराच्या टेबलावर ते आडवं धनुष्य होतं आणि म्हातारी त्याच्या दोरीला मेण चोळत होती. जयंतीने न विचारता दोरीवर बोट ठेवलं. "किती ताण?" तिने विचारलं. मार्लीनने चमकून पाहिलं. हा प्रश्न विचारणारा पाहुणा तिला बहुधा पहिल्यांदाच भेटला होता. दीडशे पौंडांच्या वर. विहिरीच्या रहाटासारखं हँडल फिरवत दोरी मागे आणायची, ती अडकली की अडकली, मग चापाला एका बोटाचा दाब पुरतो. अठ्ठावीस वर्षं जिने भार मोजले तिला ही गोष्ट जिभेवरच्या चवीसारखी कळली. तिचा स्वतःचा उजवा खांदा आखडलेला, वेणी घालायलाही वर जात नव्हता. साधं धनुष्य तिला जन्मात ओढता आलं नसतं.

मार्लीनचा दीर लेस्टर साधंच धनुष्य चालवायचा, आणि क्रॉसबो दिसला की तोंड वाकडं करायचा. "ही दोरी लावलेली बंदूक," तो म्हणे. "म्हाताऱ्यांसाठी, पांगळ्यांसाठी आणि आळशांसाठी." मार्लीन म्हणे, "मी पहिल्या दोन्हींत बसते, लेस्टर. आणि हरणाने मला अजून विचारलेलं नाही, कशाने मारलंस म्हणून." जयंती खो खो हसली होती. तिला सासूबाई आठवल्या. लग्नानंतर पहिला मिक्सर आणला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, मिक्सरातलं वाटप म्हणजे जिभेची फसवणूक, पाट्यावर खांदा झिजला पाहिजे तर चव. झिजला की. तोच हा उजवा खांदा. जगात सगळीकडे अशी माणसं असतात ज्यांना वाटतं की दुसऱ्याचा खांदा झिजल्याशिवाय कुठलीही गोष्ट खरी होत नाही. तिथल्यांना ते हत्यार फार सोपं वाटत होतं म्हणून नको होतं, इथल्यांना फार क्रूर वाटत होतं म्हणून नको होतं, आणि दोन्हीकडचे लोक हातात न घेताच बोलत होते. यात लेस्टरवर अन्याय होतो, तिला वाटलं. त्याने निदान रानात थंडी काढली होती.

महिनाभर ती मार्लीनच्या अंगणात ठोकळ्यावर बाण मारत होती. परवाना काढला. शिकाऊ माणसाच्या हाताच्या अंतरावर जाणत्याने बसायचं असा तिथला नियम. म्हणून नोव्हेंबरात त्या दोघी एका कापडी आडोशात, दोन घडीच्या खुर्च्यांवर, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. तीन दिवस काही आलं नाही. त्या तीन दिवसांत जयंतीला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की कुणासाठीही काहीही न करता बसणं म्हणजे काय. कुकरची शिट्टी नाही, दारावरची बेल नाही, कुणाचं औषध नाही. नाकाचं टोक बधिर, पायाची बोटं बधिर, आणि कान मात्र इतके मोठे झालेले की पान पडलं तरी ऐकू येई. ती भीत होती, पण ती भीती स्वच्छ होती. चौथ्या दिवशी दुपारी साडेतीनला मक्याच्या कडेने मादी आली. पाऊल टाकायची, थांबायची, मान वर करायची. तिच्या नाकातून निघणारी वाफ दिसत होती. मार्लीनने नुसता जयंतीच्या गुडघ्यावर हात ठेवला. जयंतीने श्वास अर्धा सोडला, आणि बोट दाबलं. आवाज झाला तो फळीवर फळी आपटल्यासारखा. मादी उसळली आणि गेली. नंतर अर्धा तास मार्लीनने तिला उठू दिलं नाही. त्या अर्ध्या तासात जयंतीचे दात वाजत होते आणि मनात एकच, मी हे केलं, मी. पानांवर रक्ताचे थेंब होते, आधी लांब लांब, मग जवळ जवळ. ओढ्याच्या काठाला ती सापडली. नंतर मार्लीनने सुरी हातात दिली, आणि पोट उघडल्यावर जी ऊब बाहेर आली तिच्यात जयंतीचे गारठलेले हात कोपरापर्यंत गेले. त्या रात्रीचं मटण तिने मालवणी मसाल्यात केलं. देवेशने ताट सरकवलं. गार्गीने दोनदा वाढून घेतलं.

सभा शनिवारी संध्याकाळी सहाला झाली, आणि दुसरी जागा नसल्यामुळे वाचनालयातच झाली. मोठमोठी माणसं मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. चंद्रप्रकाशांनी सुरुवात केली. "जयंतीताई, आम्हाला वाढवायचं नाहीये. तुम्ही फक्त एवढं म्हणा की फोटोपुरतं होतं."

ती उभी राहिली. "फोटोपुरतं नव्हतं. हरीण मी मारलं. परवाना काढून मारलं, कापलं, शिजवलं, खाल्लं. इथे ते केलं तर तुरुंग आहे, मला माहीत आहे, आणि इथे मी करणार नाही. पण केल्याची मला लाज वाटत नाही. म्हणून माफी लिहिता येत नाही."

"बाप रे," कुणीतरी म्हणालं.

"आणि मुलांना काय शिकवणार तुम्ही?" अक्षताने विचारलं. ती दुष्ट बाई नव्हती. तिला खरंच भीती वाटत होती.

"नऊ वर्षं शिकवतेय तेच. पुस्तक वाचायला. तुझ्या लेकीला जोडाक्षरं कुणी शिकवली गं?"

"तो प्रश्न नाहीये ना पण!"

"मग प्रश्न काय आहे? मटण मीही आणते, सुशांतही आणतो. सुरा दुसऱ्याच्या हातात असला की आपण दयाळू? मी एकदा स्वतःच्या हातात घेतला. तुम्हाला हरणाचं वाईट वाटतंय की म्हातारीच्या हातात हत्यार दिसलं याचं?"

सुशांत उठला, "वहिनी, पर्सनल नका जाऊ," म्हणाला, आणि मग आवाज एकमेकांत मिसळले. शेवटी हात वर करायला सांगितले. जयंतीकडून वाचनालय काढून घ्यावं यासाठी चौदा हात. राहू द्यावं यासाठी नऊ. तिने मोजले नाहीत, ती नंदकुमारकडे बघत होती. त्याचे दोन्ही हात दोन्ही वेळेला गुडघ्यांवरच होते, पालथे, इस्त्री केल्यासारखे. ती खोलीबाहेर पडली तेव्हा मागून कुणी हाक मारली नाही, आणि जिना चढताना तिच्या लक्षात आलं की आपला उजवा हात कठड्यावर नेहमीपेक्षा वर आहे आणि दुखत नाहीये.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला माणिकबेन आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या, पंच्याहत्तरीच्या, कांदा-लसूणही न खाणाऱ्या, पायांनी अधू. सभेला आल्या नव्हत्या. त्या सोफ्यावर टेकल्या, श्वास खाली बसू दिला आणि म्हणाल्या, "पाणी नको. मी भांडायला आली आहे."

"बोला," जयंती समोर बसली.

"त्या लोकांना तुला बोलायचा हक नाही. ज्याच्या फ्रिजमधून मला लिफ्टपर्यंत वास येते, तो काय बोलणार? पण मला आहे हक. मी जिंदगीभर मुंगी मारली नाही. तर मी विचारते. का मारली?"

सभेत सुचलेलं कुठलंच वाक्य इथे चालणारं नव्हतं, हे जयंतीला कळलं. "मला करून बघायचं होतं," ती म्हणाली. "आयुष्यभर मारलेलं खाल्लं. मारणं काय असतं ते माहीत नव्हतं. मला माहीत करून घ्यायचं होतं."

"मादी होती ना? एकटी होती?"

आत स्वयंपाकघरात नंदकुमार चहाचे कप विसळत होता, तो आवाज थांबला. 'एकटी होती' एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. म्हातारी उठून गेली असती, थोडी हलकी होऊन. "नाही," जयंती म्हणाली. "मागे पिल्लू होतं. मोठं झालेलं, दूध सुटलेलं. मार्लीन म्हणाली, त्याचं ते जगतं. पण होतं."

"बाण सुटल्यावर दिसलं?"

"आधीच दिसलं होतं."

माणिकबेननी डोळे मिटून घेतले. त्यांचे ओठ हलत होते, काही म्हणत असाव्यात. "मग पस्तावलीस?"

"वाईट वाटलं. अजून वाटतं. पस्तावले नाही."

"मी तुला माफ नाय करणार हां, जयंती."

"नका करू."

"पण मला खोटं नाय सांगितलं," म्हातारी उठत म्हणाली. "आता मला जिन्यापर्यंत हात दे. लिफ्ट बंद हाय."

त्यांना एकेका पायरीने तिसऱ्या मजल्यावर सोडून ती परत आली तेव्हा नंदकुमार बाहेरच्या खोलीत उभा होता, ओले हात तसेच लोंबकळत. टीव्ही नव्हता, पंखा नव्हता, खालून कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज येत होता.

"पिल्लाचं मला नाही सांगितलंस," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही मसुदा करत होतात."

तो खुर्चीवर बसला. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याला असा पुष्कळ वेळा बसलेला पाहिला होता, भांडण आटोपलं असं समजून. आज तो तसा बसला नव्हता. पुढे वाकला होता. "काल मला हात वर करता आला नाही," तो म्हणाला. "दोन्हीकडून नाही. घरी येऊन मला लाज वाटली. तुझी नाही."

त्याला सोपं करून द्यावं असं तिला वाटलं नाही.

"पुढच्या वर्षी देवेशकडे गेलो, तर परत जाशील?"

"मार्लीन नेईल तर जाईन."

"मी नाही येणार."

"नका येऊ."

"पण विचारलं कुणी, तर सांगेन आता." त्याने हात शर्टाला पुसले. "लिफ्टमध्ये सांगेन. सुशांतलाच सांगेन. म्हणावं, माझ्या बायकोने मारलं. या वयात, आखडलेल्या खांद्याने, एका बाणात."

जयंतीने त्याच्याकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांत तो तिच्याबद्दल इतकं मोठं वाक्य कधी बोलला नव्हता. ते तसंच घेऊन ठेवावं, असा मोह तिला खरोखर झाला.

"दोन बाण," ती म्हणाली. "पहिल्याने ती मेली नव्हती."